डागताईने न पुसलेला फोटो

डागताई जेवढ्या वेळात माणसाच्या गालावरचा मस घालवते, तेवढ्या वेळात माझा चहाही गाळून होत नाही. माझ्या स्टुडिओत फोटो मी काढते आणि तो माणसात आणते ती. नवरीच्या हनुवटीवरची पुटकुळी, नवरदेवाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कुणाच्या आजोबांच्या जुन्या फोटोवर चढलेली बुरशी, सगळं तिच्या पडद्यामागच्या खोलीत जातं आणि स्वच्छ होऊन बाहेर येतं. नाव गिऱ्हाइकांनीच पाडलं. "डागताईंकडेच द्या हां, दुसऱ्या कुणाकडे नको," असं मलाच बजावतात, स्टुडिओ माझा असून.

खुर्चीवर एक पाय दुमडून बसायची तिची सवय. काम करताना काहीतरी गुणगुणायचं, सुरात कधीच नाही. जीभ मात्र तिखट. एका जाडजूड गृहस्थाने विचारलं, "थोडं बारीक करता येईल का?" तर म्हणाली, "येईल की. पण मग रोज आरशाऐवजी फोटोच बघत जा." गृहस्थ हसत हसत गेला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. अशी ही बाई घरी मार खात असेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

तिचा नवरा विम्याच्या कचेरीत होता. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. मला काकू म्हणायचा, मी बाहेर पडताना दार उघडून धरायचा. कॅमेऱ्याची हौस होती त्याला. घरचे फोटो तो स्वतःच काढायचा, लेकीच्या वाढदिवसाला तर टायमर लावून तिघांचा. मग कॅमेऱ्यातलं कार्ड बायकोच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "जरा नीट करून आण." डागताई ते आमच्या मशीनवर उघडायची आणि पडदा पुरता ओढून घ्यायची. मला वाटायचं, घरचे फोटो आहेत, लाजत असेल. काम झालं की मूळ फाइल पुसून टाकायची, तीही त्याच्याच हुकमाने. छापलेला फोटो फ्रेम होऊन त्याच्या भिंतीवर जायचा.

म्हणजे मारायचं त्याने आणि पुसायचं तिने. हे मला कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि खरं सांगते, ती अजून उतरलेली नाही.

कळलं ते असं. एका दुपारी त्याने तिला दाराच्या चौकटीवर ढकललं. भुवई फुटली. दवाखान्यात तोच घेऊन गेला, तोच शेजारी उभा राहिला आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत तोच बोलला, "बाथरूममध्ये घसरली." डॉक्टरांनी तेच लिहिलं. टाके पडेपर्यंत साहेब निघूनही गेले. ती रिक्षाने घरी पोचली तर दाराला नवं कुलूप. आतून सहा वर्षांची चिंगी "आई, आई" करत होती आणि सासू खिडकीतून सांगत होती, "डोकं थंड झालं की ये. पोर आमच्याकडेच राहील."

त्या दिवशी ती भावाकडे गेली. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आली, भुवईवर पट्टी. मी विचारलं तेव्हा एका दमात सगळं सांगितलं, रडली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मला घर नको, भांडी नकोत. माझी चिंगी पाहिजे."

मीच तिला वकिलाकडे नेलं. आमची वकील वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, कमी बोलणारी. तिने दोन अर्ज केले. एक नवऱ्याच्या मारहाणीपासून संरक्षण मिळावं म्हणून, दुसरा निकाल लागेपर्यंत मुलीचा ताबा आईकडे असावा म्हणून. मला वाटलं, झालं. बाई खरं बोलते आहे, भुवईवर टाके आहेत, पोर आईसाठी झुरते आहे, आणखी काय लागतं? वकील म्हणाली, "पुरावा लागतो, काकू. दवाखान्याच्या कागदावर घसरून पडली असं आहे. शेजारी बोलायला तयार नाहीत."

शेजाऱ्यांचं तर नावच काढू नका. भिंतीला कान लावून सगळं ऐकणारे लोक कोर्टाचं नाव निघताच बहिरे झाले.

फोटो मात्र होते. गेल्या वर्षभरात तिने गुपचूप मोबाइलवर काढलेले, दंडावरचे वळ, मानेवर उमटलेली बोटं. ते आम्ही दिले. त्यांनी काय दिलं? भिंतीवरच्या फ्रेमांतले फोटो. दर वाढदिवसाचा फोटो, मधोमध तो खुर्चीत, गुडघ्याला टेकून चिंगी, मागे ही उभी, चिंगीच्या खांद्यावर हात, तोंडभर हसू आणि चेहऱ्यावर एक डाग नाही.

सुनावणीच्या तारखेला मी कोर्टात मागच्या बाकावर होते. त्याचा वकील उठला. चष्मा पुसत, अगदी गोड आवाजात विचारायला लागला.

"बाई, तुम्ही काम काय करता?"

"फोटो दुरुस्त करते."

"म्हणजे डाग काढता?"

"हो."

"व्रण, सूज, काळंनिळं काहीही?"

"हो."

"आणि नसलेला डाग टाकताही येतो?"

आमची वकील उठायच्या आत डागताई म्हणाली, "येतो."

तो खाली बसला. आणखी काही विचारायची त्याला गरजच नव्हती. आमच्या वकिलीणबाईंनी सांगायचा प्रयत्न केला की भिंतीवरचे फोटोच खोटे आहेत, ते हिनेच साफ केलेत. समोरचा हसून म्हणाला, "म्हणजे बाईंनीच कबूल केलं की त्या फोटोत फेरफार करतात. मग मोबाइलवरच्या फोटोंवर तरी विश्वास का ठेवायचा?" नवरा साळसूदपणे मान खाली घालून बसला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटे फोटो खरे ठरले, कारण ते भिंतीवर होते. खरे फोटो खोटे ठरले, कारण बाईच्या हातात कसब होतं. आणि वर हेही ऐकवलं की आई दिवसभर स्टुडिओत, मुलीकडे बघणार कोण? तिने नोकरी सोडली असती तर हाच माणूस उठून म्हणाला असता, हिला कमाई नाही, मुलीला खायला काय घालणार?

बाहेर आल्यावर मी तिच्यावरच ओरडले. "येतो म्हणून कशाला सांगितलंस?"

"येतो ना, काकू," ती म्हणाली. "शपथ घेतली होती."

पुढच्या तारखेला आम्ही दोघी कोर्टाच्या फाटकापाशी रांगेत उभ्या होतो. तिथे आत जाताना ओळखपत्र दाखवावं लागतं. पहारेकरी कार्ड बघतो, तोंड बघतो आणि मान हलवतो. डागताईने कार्ड पुढे केलं. दर वेळी करायची तसंच, फोटोवर अंगठा ठेवून. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तिचा अंगठा कायम तिथेच असतो.

"ताई, अंगठा उचला," पहारेकरी म्हणाला. त्या दिवशी नवा माणूस होता. तिने उचलला. त्याने कार्डाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. "हे तुम्हीच का?"

मी मान लांब करून बघितलं. डावा डोळा अर्धा मिटलेला, वरचा ओठ फाटून फुगलेला, जबडा एका बाजूने सुजलेला.

ओळखपत्राचा फोटो हल्ली सरकारी खिडकीतच, तिथल्या यंत्रावर काढतात. माझा अर्धा धंदा त्यात गेला, म्हणून मी त्या यंत्राला आजवर शिव्याच घातल्या होत्या. समोर बसवतात, पावडर पुसायला लावतात, कान दिसू द्या म्हणतात, हसू नका म्हणतात. फोटो तिथल्या तिथे कार्डात जातो. तो ना नवऱ्याच्या हातात येतो, ना बायकोच्या.

मी तिला रांगेतून बाजूला ओढलं. "हे कधीचं?"

"चिंगीच्या शाळाप्रवेशाच्या वेळचं," ती म्हणाली. "आईचं कार्ड लागत होतं. तारीख मिळाली होती, चुकवता येईना. तोच घेऊन गेला होता."

"आणि हे तू कुणाला दाखवलं नाहीस?"

"काय दाखवू?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तो पाहुण्यांना दाखवायचा, काकू. माझ्या पर्समधून काढून. बघा, आमच्या बायकोचा फोटो कसा चोरासारखा आलाय. सगळे हसायचे. कार्डावरचा फोटो सगळ्यांचाच वाईट येतो ना. मीही हसायचे. दिवसभर मी जगाची तोंडं साफ करते आणि माझं हे तोंड खिशात घेऊन फिरते. लाज वाटत होती मला."

लाज हिला. ज्याने तो ओठ फोडला तो आत पंख्याखाली बसला होता.

वकिलीणबाईंनी कार्ड हातात घेतलं, ते काढल्याची तारीख वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा रंग चढलेला पाहिला. तारीख चिंगीच्या चौथ्या वाढदिवसाच्या आठवड्यातली होती. त्या वाढदिवसाचा फोटो समोरच्यांनीच दिलेला होता, केकवर चारच्या आकड्याची मेणबत्ती, मागे ही हसतमुख.

न्यायाधीश निवृत्तीला आलेले गृहस्थ, सावकाश वाचणारे. त्यांनी कार्ड आणि वाढदिवसाचा फोटो शेजारी शेजारी ठेवला. बराच वेळ बघितलं. मग नवऱ्याला विचारलं, "हे कार्ड काढताना तुम्ही बरोबर होतात?"

"होतो, साहेब."

"मग यांच्या चेहऱ्याला काय झालं होतं?"

"दात दुखत होता तिचा."

"डोळ्यातला?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. गोड आवाजाचा वकील कागद चाळत राहिला, जणू त्या गठ्ठ्यात कुठेतरी दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी मिळणार होती.

त्याच आठवड्यात हुकूम झाला. अंतिम निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडे. नवऱ्याने तिच्या घरी, तिच्या कामाच्या जागी फिरकायचं नाही. बापाने मुलीला भेटायचं ते कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, तिथल्या बाईंच्या देखत. डागताईने चिंगीला पोटाशी धरलं तेव्हा मी रडले, लपवत नाही. पण आनंदाने रडले असं कुणी म्हणू नये. मी संतापाने रडले. बाई महिनोन्‌महिने शपथेवर सांगत होती, ते कुणाच्या कानात शिरलं नाही. खिडकीतल्या यंत्राने एकदा डोळा मिचकावला, ते लगेच पटलं. आणि ज्या बाईने असं कार्ड काढलेलंच नसेल, तिने कुठे जायचं?

पुढे एक दिवस सासू स्टुडिओत आली. चिंगी शाळेत होती. काखेत चौकट, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. काउंटरवर ठेवून तिने कागद सोडला. तोच चौथ्या वाढदिवसाचा फोटो. कोर्टात प्रत होती, ही घरच्या भिंतीवरची.

"हिला यातून काढा," ती म्हणाली. "मुलगा आणि नात राहू द्या. तुमच्याकडेच झालाय हा, तुम्हाला सोपं जाईल."

डागताई आत बसते हे सासूला माहीत नसेल असं मला क्षणभर वाटलं. पण बाई बोलत होती ती पडद्याकडे बघून, मुद्दाम मोठ्याने. मी चौकट उचलून तिच्या हातात परत कोंबणार होते. जिभेवर काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला, "द्या आत. करून देते."

मी चौकट घेऊन आत गेले आणि तिच्या मागेच उभी राहिले. तिने फोटो मशीनवर घेतला, पाय दुमडला आणि स्वतःला पुसायला सुरुवात केली. आधी केस, मग ते हसू, मग साडी. तिच्या जागी मागचा पडदा भरत गेला. हात जराही थांबला नाही. शेवटी फक्त चार बोटं उरली, चिंगीच्या खांद्यावर.

तिथे ती थांबली. बोटं काढून फ्रॉकचा खांदा नव्याने भरायचा, एवढंच काम होतं. तिला ते झोपेतही जमलं असतं. ती बोटांकडे बघत राहिली. मग तिने बोटं पुसली, आणि त्यांच्याबरोबर खांदा, फ्रॉक, दोन वेण्या, सगळी चिंगी. छापून घेतला, पाकिटात घातला आणि माझ्या हातात दिला.

सासूने पाकीट काउंटरवरच उघडलं. फोटोत तिचा मुलगा होता. खुर्चीत ताठ बसलेला, पुढे केक, आजूबाजूला कुणी नाही. तिने फोटो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"नात कुठंय?" तिने विचारलं.

"आईकडे," मी म्हणाले.