कॉलिनची प्रॉक्सी

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. चोपड्याला हॉस्टेलवर भुताचे आवाज मीच काढायचो... पोरं बाथरूमला जोडीनं जायची.

दुसरी कला म्हणजे प्रॉक्सी. एका लेक्चरला चार जणांची हजेरी, चार वेगळ्या आवाजांत. एकच खोड – आवाज बदलायच्या आधी दोनदा खोकायचो. खुक् खुक्, मग 'यस सर'. पाटील सरांनी त्यावरूनच पकडलं, वर्गाबाहेर काढलं. विषय संपला.

आता मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला, म्हाताऱ्यांच्या एका केअर होममध्ये कामाला आहे. सीनियर नर्स नंदाताई, नागपूरच्या. आणि आमचे मिस्टर हॅरिस, नव्वदीला टेकलेले. तरुणपणी ते सैन्यात, पॅसिफिकमधल्या एका बेटावर होते, जिथे अणुबॉम्बच्या चाचण्या व्हायच्या. बॉम्ब शास्त्रज्ञांचा. बाकीचा संसार यांच्याकडे – पाणी, डबाबंद जेवण, तंबू आणि माणसांची मोजणी. स्फोटाआधी सगळ्यांना किनाऱ्यावर पाठमोरं बसवून हे हजेरी घ्यायचे. आकडा जुळला असं यांनी कळवलं, की मगच बॉम्ब.

ती हजेरी ते अजून घेतात. रोज दुपारी तीनला, चहाच्या वेळी, लाउंजमध्ये. मेन्यूच्या कागदामागे नावं लिहिलेली. नाव घ्यायचं, थोडं थांबायचं, टिक. शेवटचं नाव कॉलिन. तिथे पेन अडतं. मग रात्रीपर्यंत पोटात घास नाही. वजन उतरत चाललेलं.

"नकलाकार, तू मध्ये पडू नको हं," नंदाताई म्हणायच्या. "त्यांचं त्यांना करू दे."

पण त्या मंगळवारी ताई औषधांच्या ट्रॉलीवर होत्या. मला वाटलं, एका 'हिअर, सर'नं म्हातारा जेवणार असेल तर काय बिघडलं? सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"कॉलिन," हॅरिस म्हणाले.

खुक् खुक्. "हिअर, सर."

त्यांनी टिक केली. हातातलं कॉल-बेलचं बटण तोंडाजवळ नेलं. "सगळे हजर. गो अहेड." मग आम्हाला म्हणाले, "डोळे झाका."

मीही नाटकात. डोळे मिटले, वर दोन्ही तळहात.

आणि उजेड झाला. मिटलेल्या डोळ्यांत मला माझ्याच बोटांची हाडं दिसली... एकेक पेर, मोजता येईल असं. मानेवर तव्यासमोर बसल्यासारखी धग. आवाज अजिबात नाही.

हात काढले तर टीव्ही चालू, शेजारच्या आजी चहात बिस्किट बुडवतायत. कोणाला काही नाही. फक्त हॅरिस रडत होते.

"तोच आवाज," ते म्हणाले. "त्या दिवशीही असाच मागच्या रांगेतून आला. म्हणून मी टिक केली. कॉलिन तर तिकडे, बॉम्बच्या बाजूच्या पाण्याच्या पंपावर होता... मीच पाठवलं होतं. विसरलो."

नंदाताईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता झापतील. त्या उठल्या, कपाटाचं कुलूप काढून हॅरिसची फाइल आणली. इथे माणूस राहायला आला की त्याच्या आठवणी लिहून घेतात. अक्षर ताईंचंच, तारीख मी यूकेला यायच्या आधीची. 'कोणीतरी मागून दोनदा खोकलं आणि कॉलिनच्या नावाला हजर म्हणालं. तो कोण, कधीच कळलं नाही.'

"खरं सांग, तू हे वाचलं होतंस?"

"नाही ताई. किल्ली तुमच्याकडेच असते."

ताईंनी फाइल मिटली. मग खुर्ची थोडी मागे सरकवली.

डॉक्टर म्हणाला, मायग्रेन. हाडांचं, उजेडाचं मी मानलं. खोकल्याचं काय?

नकला मी बंद केल्यात. पण हॅरिस रोज तीनला हजेरी घेतातच. पुन्हा पहिल्यासारखे कॉलिनपाशी थांबतात. मी तोंडावर घट्ट हात धरून उभा असतो. आज कोणी बोललं नाही, तर आकडा जुळणार नाही... आकडा जुळला नाही, तर कदाचित ते बॉम्ब थांबवतील, कॉलिनला आणायला पंपावर कोणाला तरी पाठवतील.

आणि रोज, नेमकं तेव्हाच, माझ्या घशात खवखवायला लागतं.