थोरलीचं वाया गेलेलं वर्ष

माझा भाऊ चष्मे करतो. तळमजल्यावर त्याचं दुकान आणि वर आम्ही सगळे: तो, माझी भावजय, त्यांची दोन मुलं आणि कुणाच्या अध्यातमध्यात पडणार नाही अशी शपथ घेऊन ती रोज मोडणारी मी. मुलांना आम्ही थोरली आणि धाकटा म्हणतो. दोघांत एका इयत्तेचं अंतर. धाकटा लहर लागली तर अभ्यास करणार. थोरलीला मात्र पुस्तक हातात घेतलं की जेवायला मारलेली हाकही ऐकू येत नसे.

थोरलीची अकरावीच्या वर्षासाठी परदेशी जायला निवड झाली. वर्षभर तिथल्या एका कुटुंबात राहायचं, तिथल्या शाळेत शिकायचं आणि परत येऊन इथे बारावीत बसायचं. अट एकच. तिथल्या विषयांची क्रेडिट इथल्या शाळेने मान्य केली पाहिजेत, म्हणजे तिथे शिकलेलं इथल्या अकरावीच्या तोडीचं हवं. नाहीतर वर्ष धरत नाहीत. आमच्या शाळेच्या उपमुख्याध्यापिकाबाईंनी निघण्याआधी तिचे विषय ठरवून दिले आणि बजावलं, "यातलं काहीही बदलायचं असेल तर आधी मला विचारा." भावाने अशी मान हलवली की मला वाटलं, कळलं याला. कसलं कळतंय!

तिथे तिला गणिताच्या वरच्या वर्गात बसवलं. भाषा नवी, शिक्षक भरभर बोलणारे. पहिल्या चाचणीत निम्म्याहून कमी मार्क पडले आणि पोरगी फोनवर रडली. रडेल आणि सावरेल, असं मी म्हणत होते, पण भावाच्या तोंडचं पाणी पळालं. तो काचेच्या कडा घासत होता, ते मशीन बंद करून फोनवर तिला म्हणाला, "खालचा वर्ग असेल ना गणिताचा? तो घे."

"आहे बाबा, पण फार सोपं आहे ते. आपल्या बाईंना एकदा विचाराल का?"

"विचारायचंय काय त्यात? विषय गणितच ना? मार्क चांगले असले की कोण कशाला नाही म्हणेल?"

"अरे, विचार की," मी म्हटलं. "एका फोनने काय बिघडतंय?"

"अक्का, तू गप्प बस. तुला यातलं काय कळतं?"

काचेचा नंबर तीनदा तपासल्याशिवाय फ्रेमला हात न लावणारा हा माणूस. मुलीच्या वर्षासाठी त्याच्याकडून एक फोन झाला नाही. मला त्याचा आजही संताप येतो. तिथल्या सल्लागारबाईंनीसुद्धा तिला विचारलं होतं, तुझ्या शाळेला हे चालेल ना? तिने सांगितलं, बाबा चालेल म्हणाले.

मग काय, मार्कांचा पाऊस. गणितात वर्गात पहिली! भावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. डोळे तपासायला यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेलं गिऱ्हाईक जाणार कुठे? "उजवीकडे बघा... आमची मुलगी परदेशात गणितात पहिली आली बरं का... आता डावीकडे." माझी भावजय जिन्यात उभी राहून हसायची. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू.

थोरली परत आली तेव्हा शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. ती, भाऊ आणि मी असे तिघं शाळेत गेलो. बाईंनी भाषा धरली, इतिहास धरला, जीवशास्त्र धरलं आणि गणितापाशी माशी शिंकली. तिथे काय काय शिकवलं ते त्यांनी तिलाच एकेक करून विचारलं आणि म्हणाल्या, "हे तर तू आमच्याकडे नववीतच केलंयस. ज्याचं क्रेडिट एकदा मिळालं, त्याचंच पुन्हा कसं देणार?"

"पण बाई, पहिली आलीये ती," भाऊ म्हणाला.

"येणारच की. तिला ते आधीच येत होतं." बाई चिडल्या नव्हत्या, त्यामुळे जास्तच लागलं. "गणित सक्तीचं आहे. त्याच्याशिवाय अकरावी पूर्ण होत नाही. मला तेव्हा विचारलं असतंत तर मी त्याच दिवशी तिला वरच्या वर्गात परत पाठवायला लावलं असतं."

शेवटी त्यांनी एक वाट ठेवली. शाळा उघडण्याआधी अकरावीच्या गणिताचा पेपर द्यायचा. पास झाली तर बारावी, नाहीतर पुन्हा अकरावी.

बाहेर आल्यावर भावाने बाईंच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. थोरली चालता चालता थांबली. "बाबा, तिथे मला रोज कळत होतं. सगळं आधी झालेलंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात."

भाऊ खाली बघत चालू लागला. मला त्याचा राग आला होता आणि त्याची कीवही येत होती.

वर्षभराचं गणित इतक्या थोड्या दिवसांत कसं व्हायचं? मैत्रिणींच्या वह्या आल्या, शेजारच्या इंजिनियरकाकांनी दोन संध्याकाळी शिकवलं. ती टेबलावरून उठेना. पण जुनं सोपं गणित करत वर्ष गेलं होतं, हात बसला होता त्यालाच. नवं समोर आलं की ती पेन हातात धरून नुसती बघत बसायची. पेपर देऊन आली आणि चपला न काढताच पलंगावर पडली. निकालाची वाट कुणी पाहिलीच नाही. नापास झाली.

शाळा उघडली. तिच्या मैत्रिणी बारावीत गेल्या आणि ती अकरावीत, धाकट्याच्याच वर्गात. आदल्या दिवशी त्याने तिला हळूच विचारलं होतं, "वर्गात तुला ताई म्हणू का?"

"नको म्हणूस," ती म्हणाली होती.

खाली गिऱ्हाइकं अजून विचारतात, तुमची हुशार मुलगी आली का परत? भाऊ "आली," म्हणतो आणि काच पुसत बसतो. परवा तो वर आला तेव्हा दोन्ही मुलं एकाच टेबलाला बसली होती, दोघांपुढे तेच गणिताचं पुस्तक. धाकटं कार्टं एरवी काही अडलं की "ताई, ये गं" म्हणून घर डोक्यावर घ्यायचं. त्या दिवशी वही तिच्याकडे सरकवून नुसतं म्हणालं, "हे कसं करायचं?"

थोरलीने वही बघितली, खूप वेळ बघितली, आणि परत सरकवली.

"मला नाही येत," ती म्हणाली. "तुला जमलं की मला शिकव."