झांजेची धार

"चूक सांग. बरां म्हणूक माजी आवस आसा."

रेकॉर्डिंग ऐकवून झालं की तो एवढंच म्हणायचा आणि चहाची किटली स्वतःच्या पायाशी ओढून घ्यायचा. एक तरी चूक सांगितल्याशिवाय कोणाला चहा मिळायचा नाही. दशावतारवाले असोत की भजनवाले, सगळे निमूट हा कायदा पाळायचे. आतून ती आवस, म्हणजे त्याची म्हातारी आई, ओरडायची, "अरे, निवता तो चाय." तो ढिम्म.

मालवणात त्याची लाऊडस्पीकरची सर्व्हिस होती आणि घरातल्याच एका खोलीत रेकॉर्डिंग. तरुणपणी मुंबईत एका रेकॉर्डिस्टच्या हाताखाली शिकला, वडील गेले तेव्हा परत आला. त्या रेकॉर्डिस्टला तो नुसता 'मास्तर' म्हणायचा. आठ वर्षांत त्याने मास्तरांना एकही काम ऐकायला पाठवलं नव्हतं, कारण पाठवण्यासारखं झालंच नाही म्हणे. आता असा माणूस हट्टी म्हणायचा की खुळा, तुम्हीच ठरवा.

आम्हीही कमी खुळे नव्हतो. मी कचेरीत कारकून, ड्रम वाजवणारा मित्र बँकेत, गिटारवाला इन्सुलीहून एस्टीने यायचा. तिघांना वेड तेव्हाच वीस वर्षं जुन्या झालेल्या रॉकचं. जाडसर ड्रम, किंचित फाटलेली गिटार, आणि गाणारा लांबून गातोय असा आवाज. आमची चार गाणी आम्हाला तशीच हवी होती. आधी त्याच्याकडे आम्ही आरत्यांची एक कॅसेट केली होती. तेव्हा मित्राचं नवं डिजिटल घड्याळ मधेच 'पीप पीप' वाजलं, तर त्याने अख्खं रेकॉर्डिंग थांबवलं. "तो किडो आदी भायर ठेय."

रॉक त्याने कधी ऐकलं नव्हतं. आम्ही दिलेली कॅसेट आठवडाभर ऐकली आणि म्हणाला, "ह्यो गाणारो बावडेत उभो रवान गाता." दुसऱ्या दिवशी त्याने घरामागच्या विहिरीच्या काठावर स्पीकर ठेवला, दोरीला माईक बांधून खाली सोडला आणि माझं गाणं विहिरीला ऐकवलं. पाणी भरायला आलेल्या बाया कळशा घेऊन खोळंबल्या. वर आलेला माझा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अगदी हवा तोच.

"आवाज झाला," तो म्हणाला. "पण तू गातस काय माफी मागतस?"

दोन दिवस मी त्याच्यावर धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गायलो. मेल्याचं बरोबर होतं.

मिक्सिंगला वर्ष लागलं. जत्रांचे दिवस आले की तो भोंग्यांखाली उभा, उरलेल्या रविवारी आमची गाणी. शेवटी एका दुपारी त्याने आम्हाला बोलावलं. "ही मास्तरांका धाडतलंय," म्हणाला. मिक्सरवर हात ठेवून तो एवढा ताठ बसला होता, की आम्ही चेष्टा केली नाही.

गाणं सुरू झालं. ड्रमची झांज दातांत शिरली. माझा प्रत्येक 'स' सुईसारखा टोचत होता. गिटारवाला उठून पडवीत गेला. आणि हा अजून बटण फिरवत होता. "झांजेक धार येय नाय रे."

तेवढ्यात मित्राच्या मनगटावर ते घड्याळ वाजलं. त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर. त्याने मानही वळवली नाही.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भोंग्यांनी त्याचे कान खाल्ले होते, बारीक आवाज त्यांत शिरतच नव्हते.

"चूक सांगा," तो म्हणाला. किटली पायाशी.

मी तोंडाळ माणूस. साहेबालाही सोडत नाही. त्या दिवशी मात्र आधी मित्राकडे पाहिलं. मित्र म्हणाला, "काय नाय." मीही म्हणालो, "बरां आसा." त्याने किटली पुढे सरकवली आणि स्वतः चहा ओतला. इतका आनंद त्याच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आपण पुण्य केलं.

मास्तरांचं कार्ड महिन्याने आलं. ते घेऊन तो माझ्या कचेरीत आला, साहेबासमोरच टेबलावर ठेवलं. दोनच ओळी होत्या. 'काम कानाने केलेले नाही. डॉक्टरकडे जा.'

"तुमका ऐकाक येय होता?"

"होय."

"मगे माका सांगूक नाय कित्या?"

मी समोरची फाईल उघडली. तो कार्ड उचलून गेला.

रेकॉर्डिंग त्याने बंद केलं. मिक्सरवर आईचं जुनं लुगडं टाकलं. मला लाज वाटत होती, म्हणून वर्षभर मी ती वाटच टाळली. मग झांजेचा आवाज खाली आणून ती चार गाणी आम्ही दुसरीकडे पुन्हा मिक्स केली आणि मी कॅसेट घेऊन गेलो. माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते भलतंच. "ऐक आणि चूक सांग."

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. विहिरीतला आवाज आला तेव्हा डोळे मिटले. मी वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

त्याने किटली उचलली आणि माझा कप भरला.

"बरां आसा," तो म्हणाला.

दोन पावसाळ्यांनी तो गेला. मी आजही गातो. लोक चांगलं म्हणतात.