काकांचा पांढरा ओटा

माझ्या मावशीच्या यजमानांइतकं दगडावर प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्ही त्यांना काका म्हणत असू. काका मरोळच्या एका कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला माल मोजायचा आणि केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं माल नापास करून त्यांना ती सवयच जडली होती. कुणाकडे गेले की बाहेरच्या खोलीत टेकायच्या आधी ते थेट स्वयंपाकघरात शिरत, ओट्याच्या कडेखालून बोट फिरवत आणि बाहेर येऊन घरधन्याला सांगत, "कडाप्पा काय? चालायचंच." त्या एका 'चालायचंच'पायी माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरी आम्हाला दोन वर्षं कुणी धड चहा विचारला नाही.

खरं म्हणजे ओटा हवा होता तो मावशीला. वाकोल्याच्या चाळीतल्या खोलीत तिने बावीस वर्षं जमिनीवर बसून स्टोव्हवर स्वयंपाक केला होता. त्यात तिचे गुडघे गेले. उठताना ती आधी भिंत धरायची, मग कपाटाची कड, मग देवाचं नाव. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसणं बंद, स्वयंपाक उभ्याने करा. पुढे बोरिवलीला सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, गॅसचाही नंबर लागला. मावशी चार-चौघींना सांगत सुटली, "आता मी उभ्यान जेवान करतलंय!" फ्लॅटमध्ये बिल्डरने काळ्या कडाप्प्याचा ओटा घालून दिला होता. मावशीने त्यावर हात फिरवला आणि तिचं समाधान झालं. काकांनी कडेखालून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो माझ्या घरात रवाचो नाय."

मग तीन महिने आमचे रविवार दगडांच्या वखारींत गेले. मी तेव्हा अंधेरीला नोकरीला होतो आणि बिनलग्नाचा होतो, त्यामुळे मला सुटका नव्हती. काका फरशीवर किल्लीने टकटक करत, कान लावत आणि डोळे मिटत. "दगड बोलता रे. ऐकूक कान व्हये," असं मला सांगत. मग पाणी ओतून भेगा बघायच्या, उन्हात तिरकी धरून पॉलिश बघायचं, आणि शेवटी नकारार्थी मान हलवायची. एका वखारवाल्याचा धीर सुटला. तो म्हणाला, "साहब, पत्थर लेने आये हो या लडकी देखने?"

काका गंभीरपणे म्हणाले, "लडकी तो एक दिन में पसंद की थी."

मावशी त्या दिवशी आमच्याबरोबर होती. ती शेजारच्या काळ्या फरशीला हात लावून उभी होती. "अहो, काळोच बरो. त्येच्यार काय दिसना नाय," ती म्हणाली. काकांचा कान तेव्हा दुसऱ्या दगडाला होता. वखारवाला हसला, मीही हसलो.

अखेर पांढराशुभ्र संगमरवर पास झाला. गवंड्याने काळा ओटा फोडला, पांढरा बसवला, आणि तिसऱ्याच दिवशी मावशीने भिजवलेल्या आमसुलांची वाटी त्यावर ठेवली. वाटी उचलली तर खाली रुपयाएवढं फिकट, खरखरीत वर्तुळ. तो पुसून जाण्यासारखा डागच नव्हता, आंबटाने दगडच खाल्ला होता. काका त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरातला कागद चिकटला: ओट्यावर आमसूल, लिंबू, चिंच, टोमॅटो, दही आणू नये. हळद सांडू नये. गरम टोप टेकवू नये. नारळ फोडू नये. मालवणी घरात एवढं वजा केल्यावर राहतं काय? दूध आणि चहा. तेवढं मात्र ओट्यावरच्या गॅसवर होई.

बाकीच्या स्वयंपाकासाठी मावशीने पलंगाखालून जुना स्टोव्ह काढला, गॅलरीच्या कोपऱ्यात मांडला, आणि पाट घेऊन पुन्हा जमिनीवर बसली. भांडण नाही, त्रागा नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, "मावशी, हे गं काय?" तर म्हणाली, "गॅलरीत वारो येता."

संध्याकाळी काका कामावरून आले की ओटा साबणाच्या पाण्याने धुवत, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने कोरडा करत आणि दिव्याकडे तोंड करून वाकून बघत. सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की त्यांना ओटा बघायला बोलावत. लोक बघत, वा वा करत, आणि गॅलरीत शिजलेलं जेवून तृप्त होऊन जात. मी तर ऑफिसात काकांची नक्कल करायचो, टेबलावर किल्ली टकटक करून, कान लावून. पोट धरधरून हसायचे सगळे.

एका रविवारी मला सुरमईच्या कालवणाचं आमंत्रण होतं. वरच्या मजल्यावर नवीन आलेले गृहस्थही ओटा बघायला आले होते. काका त्यांना पॉलिश कसं ओळखावं ते सांगत होते. गॅलरीतून मावशीची हाक आली. "एक मिनिट गो," काका म्हणाले. पुन्हा हाक आली. मला वाटलं, ताटं मांडायला बोलावत असेल. मीही उठलो नाही. तिसरी हाक आली तेव्हा काका वाक्य पुरं करून गेले, मागोमाग मी.

कालवण झालं होतं. स्टोव्ह विझवलेला होता. मावशी गॅलरीचा गज धरून खालीच बसून होती. "माका उठाक येना नाय," ती म्हणाली. आम्ही दोघांनी मिळून तिला उचललं. ती किती हलकी होती, ते मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी या वेळी उभं राहणंही बंद केलं. घरी येताच काकांनी भिंतीवरचा कागद ओढून फाडला. "आता तुका व्हया ता कर. लिंबू पिळ, हळद सांड, माका काय नको."

मावशी म्हणाली, "आता? आता उभा कोण रवतला?"

काका उभे राहिले. कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ओट्यापाशी गेले. आठवड्याभरात संगमरवराची रया गेली, हळदीचे शिंतोडे, टोपांची वर्तुळं. सारखी विचारणा, "गो, मीठ आता घालू की मगे?" दाराशी खुर्ची टाकून बसलेली मावशी शांतपणे सांगायची. तिने टोमणा मारला असता, एकदा तरी रागावली असती, तर त्यांना सोपं गेलं असतं. मलाही. तिच्या गुडघ्यांचं त्या घरात कुणी कधी बोललं नाही, आणि त्या कुणात मी होतो. नक्कल मी पुन्हा केली नाही. पण तेवढ्याने काय होतं?

मी गेलो की काका वाढायचे. कालवण कधी पातळ, कधी करपलेलं. मावशी ताटातलं सगळं संपवायची. जेवणं झाल्यावर काका फडक्याला हात पुसत तिच्या खुर्चीपाशी येऊन विचारायचे, "उद्या काय करू?" इतक्या वर्षांच्या संसारात तिला हे कुणी विचारलं नव्हतं. काहीतरी तिच्या ओठांवर येतंय असं वाटायचं. मग म्हणायची, "तुमका जमात ता."