बापूरावांच्या टोपीतला दिवा

त्या मंगळवारी मी बापूरावांना दोनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही. मला तर बरंच वाटलं! गाडीवर असले की ते फोन घेत नसत, आणि ही सवय लागण्यात माझाही थोडा हात होता. संध्याकाळी त्यांच्याच नंबरवरून फोन आला, पण बोलत होती त्यांची मुलगी... बापूराव पहाटे झोपेतच गेले होते. त्याला आता महिना झाला.

बापूराव मूळचे पिशोरचे. घरी मेंढरं, ते मात्र शहरात पाण्याचा टँकर चालवायचे. पावसानं सलग पाठ फिरवलेली ती वर्षं. बीड बायपासच्या पलीकडं एकेक वसाहत उभी राहत होती. फ्लॅट तयार, नळ कोरडे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होते आणि गाडी चालवताना माणसाचं लक्ष किती उडतं, ते मोजायचं कसं, या नादाला लागले होते. त्यासाठी टँकरवाल्यांहून चांगलं कोण मिळणार? सारखे फोन, टँकर कुठवर आला म्हणून. आणि मालकाचा हुकूमच होता, की प्रत्येक फोन उचलायचा, नाहीतर घरी बसायचं.

माझी पद्धत साधी. काचेजवळ एक छोटा लाल दिवा, चालकाच्या बोटाला बटण. दिवा अधूनमधून लागतो, लागला की बटण दाबायचं. मन दुसरीकडं गेलं की बोट उशिरा हलतं, नाहीतर हलतच नाही. रिकामा टँकर, वर्दळ नसलेला नवा रस्ता. बापूरावांनी एकही दिवा चुकवला नाही! मी खुशीत वहीत खुणा करतेय, तोवर गाडी गतिरोधकावरून अशी उडाली की माझं डोकं टपाला आपटलं. दिसला नाही का, म्हणून मी कावून विचारलं. ते मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, मी दिव्याकडंच बघत व्हतो. मला वाटलं परीक्षा हाय. नापास झालो तर मालक काढून टाकंल."

हसावं की रडावं! पण चूक माझी होती. मुद्दाम बघावा लागेल अशा जागी दिवा ठेवलाच कशाला मी? दुसऱ्या दिवशी त्यांच्या टोपीला तार लावून दिवा डोळ्याच्या कडेला बसवला, आणि दिवा न् बोट दोन्ही टिपायला समोर एक छोटा कॅमेरा लावला. मान कुठंही वळवा, दिवा सोबत. वर बजावलं, दिवे चुकले तर चुकू द्या, रस्ता चुकवायचा नाही. या खेपेला फोनचा इअरफोन कानात अडकवलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ठरल्याप्रमाणं माझी विद्यार्थिनी वसाहतीतली बाई होऊन पाण्यासाठी भांडू लागली. बापूराव तिला समजावू लागले... आणि दिवे चुकायला लागले. एक, दोन, तीन! मला ओरडावंसं वाटत होतं. डोळे रस्त्यावर, हात जागेवर, आणि माणूस गाडीत नाही!

उतरल्यावर ते हटूनच बसले, की मधी तुमचा दिवाच बंद पडला व्हता. मी चित्रण लावलं. दिवा लागत होता, बोट हलत नव्हतं. त्यांनी ते तीनदा बघितलं. मग हळूच म्हणाले, "दिव्याच्या जागी लेकरू असतं तर?"

त्या दिवसापासून त्यांचा फोन जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, आणि पिशवी सीटमागं. वसाहतीच्या कमानीशी टँकर थांबवायचा आणि मग राहिलेले सगळे फोन करायचे. तिसऱ्याच दिवशी मालकानं किल्ली काढून घेतली. माझ्या अभ्यासापायी या माणसाची रोजी गेली. मी मालकाशी बोलायला निघाले, तर बापूराव म्हणाले, तुम्ही काय बी बोलू नका, फक्त टोपी आणा.

आम्ही टोपी मालकाच्या डोक्यावर चढवली! त्यांना लई घमेंड, आम्ही जन्मभर गाडी चालवली म्हणून. त्याच रस्त्यावर फोनवर बोलत जीपची एक फेरी मारून ते उतरले आणि म्हणाले, "तुमचा दिवा बंद पडलाय." बापूरावांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला हसू आवरेना. मालकांनी चित्रण बघितलं. किल्ली खिशातून काढून बापूरावांच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या चालकांना तीच रीत लावून दिली.

ती टोपी माझ्या टेबलावर आहे. घामाचा डाग तसाच, दिवा अजून लागतो. पुढं नव्या पद्धती आल्या, डोळ्यांचा माग काढणारे कॅमेरे आले, पण विद्यार्थ्यांना मी पहिल्यांदा ही टोपीच घालायला लावते. आणि आता दर खेपेला मला त्या संध्याकाळचा फोन आठवतो. त्यांची मुलगी रडत नव्हती. "मॅडम, तुमचे दोन फोन दिसले," ती म्हणाली. "आबा सांगायचे, गाडी थांबली की राहिलेले फोन आधी करायचे. म्हणून मी केला."