गिरणीतलं बोलणं

लालबागच्या आमच्या चाळीत धाकटी काकी लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होते. काकी जन्मापासून बहिरी. तिच्याशी बोलायचं कसं, कुणालाच कळेना. आई तर सरळ ओरडायची, "भात झाला का गो?" काकी हसून मान हलवायची आणि भात करपायचा. काका हिंदमाताला साड्यांच्या दुकानात होते. दिवसभर बोलून दमायचे; घरी आले की तेही गप्प.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. एका संध्याकाळी चाळीखालून मोर्चा निघाला. घोषणा अशा, की गॅलरीत शेजारच्याचं ऐकू येईना. आई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती, समोरच्या चाळीतली तिची मैत्रीणही. दोघी सवयीनं रस्त्यापलीकडून हातांनी बोलू लागल्या. मैत्रिणीनं मूठ गोल फिरवून झटकन थांबवली आणि भुवया उडवल्या. उद्या गिरणी बंद?

आईनं खांदे उडवले. तेवढ्यात काकीनं तिचा दंड धरला, मूठ तश्शीच फिरवून थांबवली. तिला कळलं होतं! मग खालच्या गर्दीकडे बोट करून तिनं तळवा उलटा केला. काय मागतायत ही माणसं?

आई चक्रावली. खात्यात असलं काही सांगायची वेळ कधी आली नव्हती. तिनं बोलणाऱ्या ओठांकडे बोट नेलं, मग चाळी, रस्ता, माणसं सगळी हातांच्या कवेत घेतली. आपली भाषा बोलणारे सगळे एकत्र. काकीनं स्वतःच्या ओठांना हात लावून मान हलवली, नाही. आईनं तिला खेचून त्या कवेत घेतलं.

मोर्चा गेल्यावर मी विचारलं, "आई, या खुणा तुला कुणी शिकवल्या?"

"शिकवतंय कोण! यंत्रांच्या आवाजात कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यात माझ्या शेजारची बाई तेलगू. तिला मराठी येत नाही, मला तेलगू. म्हणून काय पाळीभर गप्प बसायचं?"

"मग काकीशी अशी का नाही बोललीस?"

"सुचलंच नाही गो. ते गिरणीतलं बोलणं."

पुढे खात्यात जागा झाली तेव्हा आई काकीला घेऊन गेली. जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, आधी कुरकुर केली, पण पहिल्याच पाळीत काकी तिथल्या बायकांशी गप्पा मारताना दिसली तसा तो गप्प झाला. संध्याकाळी दोघी पिठाचे हात हलवत हसायच्या. मी मध्ये बसून नवी खूण पकडायला बघायचे. काका लांबून बघत राहायचे. एकदा हळूच म्हणाले, "ए, ती आता काय म्हणाली गं? मला पण शिकव ना."

मी त्यांना आधी 'चहा' शिकवला.