बिनआवाजाची हाक

“दादा, तुमच्यात दिसतंय का बघा जरा.” पदराला हात पुसत मावशी पाहुण्यांसमोर आपला फोन पालथा धरायच्या. त्याच्या पाठीवर चौकोनी कोड चिकटवलेला असायचा. तुम्ही कधी मळवलीला बंगल्यावर मुक्कामाला गेला असाल, तर तुमच्याकडूनही त्यांनी तो स्कॅन करून घेतला असेल.

मावशी तिथे स्वयंपाक करायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा वडिलांशी भांडून घरातून गेला, तो परतलाच नाही. पुढे वडील वारले. पोलीस झाले, नातेवाईक झाले, मुलाचा पत्ता लागला नाही. मी लोणावळ्यात बंगल्यांच्या वेबसाइट बनवते. या बंगल्याचीही मीच केली होती. म्हणून त्या माझ्याकडे आल्या. बंगल्यातल्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या राहून मोबाइलसमोर बोलल्या, “बाळा, तुजं आबा गेलं. आता कोन रागवनार न्हाई. घरी ये.” मुलाच्या फोटोसह तो व्हिडिओ मी एका वेबपेजवर लावला.

माझ्या कॉम्प्युटरवर तो छान चालला. पण एका पाहुण्याच्या आयफोनवर नुसताच काळा चौकोन दिसला. मावशींचा लगेच फोन. “ताई, त्याच्याकडं कंचा फोन असंल, काय ठावं? समद्यात दिसाया पायजे.”

मी व्हिडिओ दुसऱ्या प्रकारातही करून टाकला. मग तो सगळीकडे दिसू लागला, पण मुका. आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओला ब्राउझर आवाज देत नाहीत. बघणाऱ्याने बोट लावलं, तरच तो ऐकू येतो.

“म्हंजी आदी मी मुकीच दिसनार?”

“हो, मावशी.”

“मंग न्हाई लावायचा त्यो बोट. लय रागीट हाय.”

मी खाली मोठं बटण दिलं, ‘आईचा आवाज ऐका’. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, पण समाधान झाल्याचं दिसलं नाही.

एकदा त्यांनी विचारलं, “कोन कोन बगतं, कळतं का तुमाला?”

कळत होतं. बघणारे जवळपास सगळे मळवली-लोणावळ्यातलेच. म्हणजे त्यांनीच गाठलेले पाहुणे. मी तसं स्पष्ट सांगितलं.

त्या म्हणाल्या, “मंग त्यो हितंच असंल की कुटंतरी.”

त्यानंतर सुट्टी मिळाली की त्या लोणावळ्याला यायच्या. चिक्कीच्या दुकानांत, हॉटेलांच्या मागच्या दारांशी काम करणाऱ्या पोरांचे चेहरे निरखत फिरायच्या. दमल्या की माझ्याकडे येऊन पाणी प्यायच्या.

यंदाच्या थंडीत न्युमोनियाने मावशी गेल्या. परंदवडीहून त्यांचे एक भाऊ आले. मी ती बातमी वेबपेजवर टाकली, अगदी वर, मोठ्या अक्षरांत.

स्मशानात सगळी तयारी झाली, तरी भाऊ म्हणाले, “जरा थांबू.” रस्त्यावरून एक रिक्षा येत होती. सगळ्यांनी माना वळवल्या. रिक्षा न थांबता पुढे गेली.

मग भावांनीच खांद्यावर मडकं घेतलं.